तारीखवार

घरातली महत्त्वाची कागदपत्रे एका पत्र्याच्या ट्रंकेत असावीत, असे आमच्या अण्णांचे शास्त्र होते. हल्लीच्या माणसाचे निम्मे आयुष्य मात्र कोणत्याच ट्रंकेत मावत नाही. लग्नाच्या वर्षीच्या गप्पा एकीकडे, मुलीच्या बारशाचे फोटो दुसरीकडे, निवडणुकीच्या दिवसांतली भांडणे तिसरीकडे, आणि या तिन्ही जागा परक्या कंपन्यांच्या मालकीच्या! हे सारे उचलून आणायचे आणि तारखांच्या दोरीवर ओळीने वाळत घालायचे, या उद्योगाला टाइमलाइन करणे म्हणतात. आमच्या घरी या उन्हाळ्याच्या सुटीत तो झाला.

दोरीची हौस तशी नवी नाही. फेसबुकने आपली टाइमलाइन २०११ साली जाहीर केली. त्याच वर्षी मेमोलेन नावाची एक सेवा लोकांसाठी खुली झाली. फेसबुक, ट्विटर, फ्लिकर असे ठिकठिकाणचे लिखाण आणि फोटो ती एका पट्टीवर मांडून दाखवी. २०१३ साली तीच बंद पडली. जिओसिटीज २००९ साली गेले, आणि ज्यावर आमच्या पिढीने पहिल्या चोरट्या ओळखी केल्या ते ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले. भाड्याच्या खोलीत सोन्याची लगड ठेवू नये म्हणतात. आपण तर तिथे आख्खी तरुणपणाची वर्षे ठेवली!

सुदैवाने आपला माल आपल्याला परत मागता येतो. गूगलने २०११ पासून तशी सोय ठेवली, आणि मे २०१८ मध्ये युरोपात लागू झालेल्या कायद्याने तो तिथल्या नागरिकांचा हक्कच ठरवला. मागणी नोंदवली की काही वेळाने गाठोडे येते. ते सोडणे हे मात्र येरागबाळ्याचे काम नव्हे. एका गाठोड्यात माझ्या देवनागरीच्या जागी फ्रेंच पद्धतीची टोपीवाली अक्षरे निघाली. मोडी वाचणारे अजून भेटतात. ही लिपी वाचणारा कुठून आणावा? कन्येने दहा ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला आणि अक्षरे निमूटपणे मराठी झाली.

मग तारखांचा घोळ. पुष्कळ ठिकाणी वेळ ही १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत लिहितात, आणि तीही ग्रीनिचच्या घड्याळाने. आपण साडेपाच तास पुढे. त्यामुळे नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला, अंगाला तेल लावलेल्या अवस्थेत टाकलेला फोटो आदल्या दिवशी जाऊन बसला होता. आमचे अभ्यंगस्नान धनत्रयोदशीला! तेही दुरुस्त झाले.

दोरी भरली आणि तिच्याकडे बघताना मला काही केल्या करमेना. एकाच तारखेला एका सहकाऱ्याच्या आईच्या निधनाबद्दल लिहिलेल्या चार ओळी, आणि त्याखाली वीस मिनिटांनी हापूसच्या भावावर केलेला विनोद. त्या दिवशी दोन्ही खरे होते. कारण ते दोन निरनिराळ्या घरांत, दोन निरनिराळ्या माणसांशी बोललो होतो. ओळीत आल्यावर मी निर्दय दिसू लागलो. शिवाय पानेच्या पाने नुसती ‘अगदी खरे!’, ‘नाही हो, तसे नव्हे’, ‘पुढच्या रविवारी नक्की’. कोणाला म्हटले? कशाबद्दल? गाठोड्यात फक्त माझे बोलणे होते. समोरच्याचे बोलणे त्याचे, म्हणून ते आलेच नव्हते. वर्गात पत्रव्यवहार शिकवताना मी मुलांना सांगतो, की एकट्याची पत्रे म्हणजे अर्धाच दस्तऐवज. इथे ते अर्धेपण माझेच होते.

आणि त्या दुसऱ्या अर्ध्यात अण्णा होते. निवृत्तीनंतर त्यांनी खाते उघडले, आणि माझ्या प्रत्येक लिखाणाखाली त्यांचा अभिप्राय असे. ‘ठीक. परंतु “आणि” दोनदा आले आहे.’ ‘र्‍हस्व-दीर्घ पाहा. आंबे पाठवले आहेत.’ तीन वर्षांपूर्वी ते गेले. खाते अजून आहे. मी वही घेतली आणि त्यांच्या सगळ्या ओळी हाताने उतरवून काढल्या. चार संध्याकाळी गेल्या. चित्र काढून घेतले असते तर दहा मिनिटांत झाले असते, असे कन्येचे म्हणणे. असेल.

व्हॉट्सअ‍ॅपचे उलटे. तिथला संवाद बाहेर काढला की दोन्ही बाजू येतात. २०२० च्या टाळेबंदीत एका मित्राने रात्री-रात्री मला आपल्या घरची कथा लिहिली होती. ती सगळी आली. कन्या ती दोरीवर लावणार, तोच सौ. म्हणाली, “ते त्यांचं आहे. त्यांना विचारलंय का?” ते काढून टाकले. मग अण्णांच्या ओळी तरी माझ्या कशा, हा प्रश्न तिने विचारला नाही. पण तिच्या चेहऱ्यावर तो होता. मला वाटते, त्या त्यांनी माझ्यासाठी लिहिल्या होत्या, चारचौघांत लिहिल्या होत्या. वकिलाला हे पटणार नाही.

अडचण एकच उरली. अण्णा कधीच लगेच लिहीत नसत. माझा लेख वाचून, दोन दिवस विचार करून मग चूक दाखवीत.

“बाबा, आजोबांचं वाक्य तुझ्या पोस्टखाली लावू, की त्यांच्या तारखेला?” कन्येने विचारले.

“त्यांच्या तारखेला,” मी म्हणालो. “आणि त्यांनी दाखवलेली चूक वर दुरुस्त करू नकोस.”