जुन्या विमानाचे मोल आणि नोंदवहीची साक्ष

अमेरिकेत हौसेखातर स्वतःचे विमान बाळगणारा माणूस कोट्यधीशच असावा, असा आपल्याकडे समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. सेस्ना १७२ हे चार आसनांचे विमान नवे घ्यावयाचे तर चार लाख डॉलरहून अधिक मोजावे लागतात. ही रक्कम तेथील मध्यमवर्गीयालाही पेलणारी नव्हे. त्यामुळे तो जुन्या विमानांच्या बाजाराकडे वळतो. तेथील एकइंजिनी विमानांचे सरासरी वय चार दशकांच्या पुढे गेले आहे. इतके जुने यंत्र अपरिचिताकडून विकत घेऊन त्यात कुटुंबासह बसावयाचे, ते कोणाच्या भरवशावर?

या परिस्थितीमागे इतिहास आहे. १९७८ साली अमेरिकन कारखान्यांतून सुमारे १७,८०० लहान विमाने बाहेर पडली. १९९४ साली हा आकडा हजाराच्याही खाली होता. सेस्नाने १९८६ मध्ये पिस्टन इंजिनाची विमाने बांधणे थांबविले, तर पायपर कंपनी १९९१ मध्ये दिवाळखोरीत गेली. नुकसानभरपाईच्या दाव्यांनी धंदा बुडविला, असे कारखानदारांचे म्हणणे होते. त्यात तथ्य होते. परंतु चढे व्याजदर, मंदी आणि पूर्वी विकलेल्या टिकाऊ विमानांची स्पर्धा हीही कारणे होती. अखेर १९९४ च्या कायद्याने, काही अपवाद वगळता, अठरा वर्षांहून जुन्या लहान विमानातील दोषाबद्दल उत्पादकावर दावा लावण्याचा मार्ग बंद केला. सेस्नाचे उत्पादन पुन्हा सुरू झाले खरे. पण जुन्या विमानाची जोखीम प्रामुख्याने ग्राहकाच्या शिरावर आली.

विक्रेत्याला मालाचा दोष ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. म्हणून ग्राहक सरासरी भाव देऊ करतो आणि चांगल्या मालाचा धनी बाजारातून निघून जातो. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने हे मांडले. २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. मग जुन्या विमानांचा बाजार टिकला कसा? त्याचे एक मोठे कारण म्हणजे कायद्याने सक्तीची केलेली नोंद. दर बारा महिन्यांनी अधिकृत तंत्रज्ञाकडून तपासणी, सरकारी सुरक्षा-आदेशांच्या पूर्ततेचा दाखला आणि उड्डाणाच्या तासांचा हिशेब नोंदवहीत असावा लागतो. सातबाऱ्यावर बोजा पाहावा, तद्वत ओक्लाहोमा सिटीतील सरकारी दप्तरात मालकी व कर्ज तपासता येते. नोंदवही हरवली की विमानाची किंमत घसरते.

तथापि वार्षिक दाखला म्हणजे विमान उडण्यास योग्य आहे एवढीच ग्वाही. ते मागितलेल्या किमतीस योग्य आहे, ही नव्हे. कमी उडालेले विमान ग्राहकाला मोह घालते. वस्तुतः दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या इंजिनात, विशेषतः लायकमिंग बनावटीच्या, झडपा चालविणाऱ्या कॅमशाफ्टवरील तेल ओघळून तेथे गंज धरतो. दोन हजार तासांची शिफारस असलेले इंजिन मग त्याच्या कितीतरी आधी उघडावे लागते आणि हजारो डॉलर खर्ची पडतात. खरेदीपूर्वी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या तंत्रज्ञाकडून तपासणी करविणे हाच यावर उपाय. पण कायद्याने ती सक्तीची नाही. ज्याच्या गाठीला पैसा बेताचा, तोच हा खर्च वाचवू पाहतो. सर्वांत मोठी जोखीम अशा रीतीने सर्वांत दुबळ्या ग्राहकावर येते.

कारखानदाराला कालमर्यादेचे संरक्षण देण्यात गैर काही नाही. परंतु दायित्व संपविणाऱ्या शासनाने माहितीचा पुरवठा वाढविला पाहिजे. मोठ्या दुरुस्तीची प्रत सरकारी दप्तरी जाते. नित्याच्या देखभालीची वही मात्र मालकाच्याच ताब्यात राहते. मालकीप्रमाणे तीही सार्वजनिक दप्तरी नोंदली जावी. 'ग्राहकाने सावध राहावे' हा उपदेश न्याय्य ठरावयाचा असेल, तर सावध राहण्याचे साधन प्रथम त्याच्या हाती दिले पाहिजे.