कातळावरचे बारसे

चित्रप्रदर्शनात फिरणाऱ्या रसिकांच्या दोन जाती असतात. एक जात आधी चित्र पाहते आणि मग हातातल्या यादीत डोकावते. दुसरी आधी यादीतले नाव वाचते, भिंतीवर तेच टांगले आहे ना याची खातरजमा करते आणि समाधानाने पुढे सरकते. ही दुसरी जात संख्येने मोठी. त्यामुळे नाव ठेवण्याचे काम बिचाऱ्या चित्रकाराच्या गळ्यात पडते. नावे ठेवण्याचे काम आपल्याकडे असतेच!

निसर्गचित्राचे 'संध्याकाळ' म्हटले की भागते. माणसाच्या चित्राला माणसाचे नाव असते. घोडे अडते ते जनावरांपाशी. वाघाच्या चित्राखाली 'वाघ' लिहावे, तर ते शाळेतल्या तक्त्यासारखे दिसते. 'जंगलचा राजा' लिहावे, तर सर्कशीच्या जाहिरातीचा वास येतो. विलायतेतल्या लँडसीअर नावाच्या चित्रकाराने 1851 साली एक सांबरासारखे शिंगाळ जनावर रंगवले आणि त्याला दरीखोऱ्यांचा सम्राट करून टाकले. सम्राटाचे पुढे काय झाले म्हणाल, तर तो व्हिस्कीच्या जाहिरातींत जाऊन उभा राहिला. नाव मोठे ठेवले की अशी नोकरी करावी लागते.

त्यापेक्षा आम्हाला जहांगीर बादशहा आवडतो. 1621 साली त्याच्यापुढे झेब्रा आला. उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले आणि बादशहाने त्यावर स्वतःच्या हाताने नोंद केली. नोंदीत काय, तर हबशी मुलखातून आणलेले खेचर, कोणी आणले, कोणी चित्र काढले आणि साल. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने खेचर हे चुकलेच. पण 'पट्ट्यांचे स्वप्न' वगैरे लिहिण्याचा मोह बादशहाला झाला नाही, हे काय थोडे झाले?

आणखी एक जनावर आमच्या शेजारून गेलेले आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला एक गेंडा नजर केला. तो 1515 च्या जानेवारीत गोव्याहून जहाजात चढला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. पोर्तुगीजांनी त्याचे इकडचेच नाव चालू ठेवले, 'गंडा'. जर्मनीतल्या ड्यूरर या थोर चित्रकाराने गेंडा पाहिला नव्हता. आलेल्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून त्याने लाकडी ठसा कोरला, गेंड्याच्या अंगावर चिलखत चढवले, पाठीवर एक जादा शिंग लावले आणि वर ठसठशीत अक्षरांत प्राण्याचे नाव लिहून साल घातले. पुढची अडीचशे वर्षे युरोपला गेंडा तसाच दिसला. चित्र चुकीचे, नाव बरोबर. आणि नाव बरोबर असल्यामुळे चुकीवर कोणी शंकाच घेतली नाही. खुद्द गंडा पोपकडे भेट म्हणून जाताना जहाज फुटून समुद्रात बुडाला.

हे सगळे पुराण लावण्याचे कारण रत्नागिरीचा सडा. जांभ्या दगडाचे ते उघडे पठार कोकणी माणसाला गुरे चारण्यापुरते ठाऊक होते. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत हा सडा पायाखाली घातला, गुराख्यांना विचारले, माती झाडली आणि खालून हत्ती, गेंडे, मगरी, मासे, पाकट, कासवे, मोर निघाले. हजारावर आकृत्या! काही हजार वर्षांपूर्वीच्या. नांगर नाही, शेत नाही. गेंडा आता कोकणात औषधालाही सापडणार नाही, पण कातळावर आहे. 2022 साली यांतली नऊ ठिकाणे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातले आणि एक गोव्यातले.

चित्रकाराचा पत्ता नाही, यादी नाही, आणि पाहणारा तर विचारणारच, "हे काय?" तेव्हा बारसे आपल्यालाच करावे लागते. मुळात 'कातळशिल्प' हे नावही सोयीचेच. मूर्ती घडवावी तसे ते घडवलेले नाही; जमिनीत खोदलेली रेघ आहे. 'खोदचित्र' जास्त नेमके, पण 'कातळशिल्प' कानाला गोड. गोड नाव जिंकले.

राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे. त्याच्या पोटात माशांपासून पाखरांपर्यंत कितीतरी जनावरे कोरलेली. कडेला उभे राहा, हत्ती दिसतच नाही. पायाशी एक मासा दिसतो, पलीकडे एक पाकट. कोणी 'हत्ती' म्हटले की मग डोळा सोंड शोधू लागतो आणि सगळी रेघ एकदम जुळते. इथे नावाने उपकार केले. पण हत्ती सापडला की पाहुणा फोटो काढून मोकळा, पोटातल्या माशाकडे कोण बघतो? आमचे मत विचाराल, तर तिथल्या पाटीवर 'हत्ती आणि त्याच्या पोटातली मंडळी' असे लिहावे. निदान लोक वाकून मोजतील तरी.

याहून अवघड काम बारसूचे. (गावाच्या नावातच बारसे आहे, हा दोष आमचा नव्हे.) मध्ये माणूस उभा, दोन्ही बाजूंना वाघ. 'वाघांना आवरणारा' म्हटले की तो वीर झाला, आणि लोक लगेच मोहेनजोदडोच्या मुद्रेची आठवण काढतात. 'वाघांत सापडलेला' म्हटले की त्याची दया येते. 'वाघांचा सोबती' म्हटले तर हात जोडावेसे वाटतात. रेघ तीच! शिवाय कोकणात 'वाघ' म्हणजे बहुधा बिबट्या. पट्टेरी असेल तर आपण 'ढाण्या' म्हणतो. मग पाटीवर कोणता वाघ? आम्ही तर 'माणूस आणि दोन वाघ' एवढ्यावर थांबलो असतो. काय चालले आहे ते पाहणाऱ्याने ठरवावे. तसे बारसूचे नाव उभ्या महाराष्ट्रात झाले ते या माणसामुळे नव्हेच. 2023 च्या एप्रिलमध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती तपासणीवरून तिथे आंदोलन पेटले त्यामुळे.

कातळाला नाव नसले की काय होते, ते चिरेखाणीला विचारा. सातबाऱ्यावर सडा म्हणजे एक गट नंबर. जांभ्याचा चिरा घरबांधणीला लागतो, यंत्राचे पाते फिरते आणि कोणाचा पाय कुठे होता, कोणाची शेपूट कुठे, काही उरत नाही. ज्या आकृतीला गावाने काही म्हटले आहे, 'पांडवांनी काढलेली' का होईना, तिच्यावर पाते धरताना निदान कोणीतरी ओरडते.

मालवण तालुक्यात कुडोपीला अशाच आकृत्यांच्या टेकाडाला लोक 'बावल्यांचे टेंब' म्हणतात. युनेस्कोने यादी करायच्या कितीतरी आधीपासून. बावली म्हणजे बाहुली. कोणा म्हातारीने नातवंडाला बोट दाखवून सांगितले असेल. तिला हत्ती, गेंडा, संस्कृती, कालखंड कशाचीच अडचण पडली नाही. आता दिवाळी सरली की सड्यावरचे गवत वाळेल आणि रेघा उघड्या पडतील. जाणाऱ्यांनी चपला कडेला काढून ठेवाव्यात, आणि नाव सुचले तर आधी तिथल्या गुराख्याला विचारावे. त्याच्याकडे एखादे तयार असते.