गोठ्यातला रानबैल

दोस्तांनो, मागे आपण केसाळ मॅमथची गोष्ट वाचली होती. त्यावर वडूजहून आठवीतल्या एका दोस्ताचं पत्र आलंय. तो विचारतो, "सगळे भारी प्राणी सायबेरियातच का? आमच्या येरळेकाठी काहीच नव्हतं का?"

रागावलाय पठ्ठ्या! आणि त्याचं बरोबरच आहे.

आपल्याकडचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात हाडं कुठून मिळणार? पण त्या कातळावर नद्यांनी पुढे गाळ नि गोटे आणून टाकले. त्यांत चतुर्थ कल्पातली, म्हणजे गेल्या पंचवीस-सव्वीस लाख वर्षांतली हाडं सापडतात. गाळातले क्षार हाडात मुरतात नि हाडाचा हळूहळू दगड होतो. नाशिक जिल्ह्यात नांदूर-मधमेश्वरला गोदावरीकाठी मिळालेल्या एका अजस्र हत्तीच्या कवटीची नोंद पिलग्रिम या भूशास्त्रज्ञानं १९०५ साली केली. जळगाव जिल्ह्यात पाटणे इथे तर शहामृगाच्या अंड्यांची टरफलं निघाली, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. हो, शहामृग, आणि तेही खानदेशात!

ती हत्तीची जात जगातून संपली. शहामृग आफ्रिकेत आहे, इथं नाही. पण तिसऱ्या प्राण्याची गंमत वेगळीच आहे.

तो म्हणजे रानबैल, 'बॉस नमाडिकस'. फाल्कनर यांनी हे नाव नर्मदेवरून ठेवलं. नेवाशाजवळ प्रवरेकाठच्या गोट्यांतही त्याची हाडं सापडली. डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलियांनी ती १९५०च्या दशकात अभ्यासली. भलंथोरलं धूड, लांबलचक शिंगं. सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी, आज पाकिस्तानात असलेल्या मेहरगढच्या आसपास माणसानं या रानबैलाच्या वंशाला दावं लावलं. रानातले पुढे नाहीसे झाले. त्यांच्या युरोपातल्या भाऊबंदांपैकी शेवटची गाय १६२७ साली पोलंडच्या जंगलात मेली.

आणि दाव्याला बांधलेले? ते तुझ्याच गावात आहेत की! वशिंडाची आपली सगळी गुरं या रानबैलाच्या वंशातली. युरोपातल्या गाईंचा वंश वेगळा, तो लाखो वर्षांपूर्वीच फुटला. म्हणजे खटाव-माणचा खिलार हा नामशेष रानबैलाचा थेट वारस. मॅमथ पुन्हा जन्माला घालायच्या गोष्टी आज चालल्यात, आणि इकडे ट्रॅक्टर आल्यापासून खिलारांच्या दावणी रिकाम्या होतायत. मला तर याचंच जास्त वाईट वाटतं.

तेव्हा मित्रा, हिवाळ्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत जाशील, तेव्हा पाळण्यात बसण्याआधी बैलबाजारात चक्कर मार. मालकाला विचारून, दोरीनं एखाद्या खिलाराचं शिंग मोज. आणि येरळेच्या दरडीत दगडासारखं जड हाड दिसलं, तर उपटू नकोस हं! ते कुठल्या थरात आहे, यावरच त्याचं वय कळतं. जागेची खूण लिहून ठेव, सरांना दाखव.

शिंगाची लांबी मला कळव. पुढच्या अंकात छापू.