लाखाचा रिसीव्हर आणि बिनपगारी टेस्टर

दोन लाखांचा एव्ही रिसीव्हर घेणारा माणूस गिऱ्हाईक नसतो. तो कंपनीच्या टेस्टिंग टीममधला बिनपगारी मेंबर असतो, आणि वर ही नोकरी मिळवायला त्यानेच पैसे भरलेले असतात. वाक्य जरा चढ्या आवाजात आलंय, मान्य. पण २०२० साली महागडे रिसीव्हर घेतलेल्या लोकांचं काय झालं ते आधी वाचा, मग सांगा मी कुठे वाढवून बोलतोय.

ज्यांना या खुळाची अजून लागण झालेली नाही त्यांच्यासाठी: रिसीव्हर म्हणजे टीव्हीखाली बसणारा दहा-पंधरा किलोचा काळा ठोकळा. सेट-टॉप बॉक्स, ब्लू-रे, गेमिंग कन्सोल सगळं मागून त्याच्यात शिरतं. चित्र तो पुढे टीव्हीला पाठवतो आणि आवाज पाच, सात, नऊ, जितके असतील तितक्या स्पीकरना वाटून देतो. म्हणजे एकाच डब्यात दोन माणसं कामाला. एक हमाल, तो म्हणजे ॲम्प्लिफायर. दुसरा पोस्टमन, तो म्हणजे एचडीएमआय बोर्ड. हे लक्षात असू द्या, सगळं भांडण याच्यावरच आहे.

तर २०२० मध्ये डेनॉन, मरांट्झ आणि यामाहा यांनी नवे रिसीव्हर आणले. जाहिरातीत ठळक अक्षरात ८के आणि एचडीएमआय २.१. डेनॉनचा एव्हीआर-एक्स६७००एच घ्या. अकरा चॅनलचे ॲम्प, अमेरिकेत दोन हजार डॉलरच्या वर किंमत. आणि त्यात ८के घेणारं इनपुट किती? एक! बाकीची सगळी जुन्याच वेगाची. यामाहाने तर काही गोष्टी पुढे अपडेटने देऊ असं सांगूनच माल विकायला काढला. आमच्या धंद्यात याला 'फेज टू मध्ये करू' म्हणतात आणि त्याचा अर्थ काय होतो हे मी इथे लिहायची गरज नाही.

लोकांनी हे डबे घेतले कशासाठी? बऱ्याच जणांनी एनव्हिडियाची ३० सीरिजची नवी कार्डं आणि नोव्हेंबरमध्ये येणारे कन्सोल डोळ्यांसमोर ठेवून. आणि ऑक्टोबरमध्येच जर्मनीतल्या 'सीटी' या कॉम्प्युटर मासिकाने बातमी दिली की या रिसीव्हरमधून ४के १२० हर्ट्झ सिग्नल नेला की पडद्यावर काळोख. एक्सबॉक्स सीरिज एक्स अजून दुकानात पोचायचा होता!

कारण सॉफ्टवेअरमधलं नव्हतं, हीच तर गंमत. वेगवेगळ्या ब्रँडच्या डब्यांत एचडीएमआयची चिप एकाच घरची निघाली. पॅनासॉनिकचा सेमीकंडक्टर धंदा, जो त्याच वर्षी तैवानच्या नुवोटॉनकडे गेला. जुन्या एचडीएमआयमध्ये तारांच्या तीन जोड्या डेटासाठी आणि चौथी घड्याळासाठी असायची. २.१ ने त्या चौथीलाही डेटा वाहायला लावलं. चार जोड्या, प्रत्येकी सेकंदाला १० गिगाबिट धरा, ४० झाले. एक्सबॉक्स तेवढं पाठवतो. १२ धरले की ४८, ती स्टँडर्डची कमाल मर्यादा. पीएस५ ३२ वर थांबतो. आता बघा, पीएस५ चालत होता आणि एक्सबॉक्स आणि एनव्हिडिया अडकत होते. गडबड सिलिकॉनमध्ये, फर्मवेअरने कितीही मलम लावा, सुटणार नाही.

कंपन्यांचा पहिला सल्ला काय होता? कन्सोल थेट टीव्हीला जोडा आणि आवाज ईआर्कने रिसीव्हरकडे परत आणा. म्हणजे पोस्टमनच्या जागी तुम्हीच टपाल न्या. हा सल्ला चालतो, मी नाही म्हणत नाही. पण ज्या सोयीसाठी लोकांनी जुना चांगला रिसीव्हर काढून नवा घेतला, तीच वगळून बाकीचं वापरा असं सांगणं म्हणजे फ्लॅट विकून झाल्यावर 'तेवढं किचन सोडून सगळं वापरा' असं बिल्डरने सांगण्यासारखं आहे. पुढे २०२१ मध्ये डेनॉन-मरांट्झवाल्यांनी सीरियल नंबर नोंदवणाऱ्यांना एक छोटी डबी फुकट दिली, मध्ये जोडायला. यामाहाने त्याहून बरं केलं, एचडीएमआय बोर्डच बदलून देण्याची योजना काढली. पैकीच्या पैकी मार्क नाही देणार, पण पास.

आता माझा मुद्दा. चिपमध्ये बग निघतात. मी रोज बग काढतो आणि घालतोही, त्यामुळे चिपवाल्यांवर माझा राग नाही. राग आहे तो डिझाइनवर. हमाल आणि पोस्टमन यांचं आयुष्य सारखं नाही. ॲम्प्लिफायर म्हणजे ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, हीटसिंक, आउटपुट ट्रान्झिस्टर. आमच्या घरी बाबांचा कॉस्मिकचा ॲम्प आहे, माझ्यापेक्षा वयाने मोठा. गणपतीत आरत्या अजून त्याच्यावरच लागतात. व्हॉल्यूमच्या खटक्यात खरखर यायला लागली की तपकीर गल्लीतून क्लीनरचा स्प्रे आणायचा, फुस्स करायचं, पुढची तीन वर्षं निवांत. एचडीएमआयचं तसं नाही. २०१३ साली २.० आलं, १८ गिगाबिट. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये २.१ आलं, ४८. म्हणजे चार वर्षांत पोस्टमन म्हातारा. आणि या म्हाताऱ्याला तुम्ही पंचवीस वर्षं जगणाऱ्या हमालाशी एकाच पत्र्यात जखडून टाकता? कुठल्याही ज्युनिअरने असं मॉड्यूल लिहून आणलं तर रिव्ह्यूमध्येच परत जाईल.

आणि हे फक्त स्टँडर्ड बदलण्यापुरतं नाही. माझ्या ऑफिसातल्या एका सीनिअरचा असाच लाखाच्या पुढचा डबा. जूनमध्ये विजा कडाडल्या, डिशच्या केबलमधून काहीतरी आलं आणि एचडीएमआयची सगळी तोंडं बंद. रेडिओ लावला तर आवाज ठणठणीत, अकराच्या अकरा स्पीकर बोलतायत. सर्व्हिस सेंटरचं उत्तर: बोर्ड येत नाही, मॉडेल जुनं झालं, एक्सचेंजमध्ये द्या. किती जुनं? सहा वर्षं! कंपनीचं नाव घेत नाही, कारण उत्तर कुठल्याही कंपनीच्या काउंटरवर हेच मिळालं असतं. आता तो डबा त्यांच्या हॉलमध्ये पंधरा किलोचा रेडिओ म्हणून शोभतोय.

ऑन्कियोच्या मालकांना हे सगळं ओळखीचं वाटेल. त्यांच्या काही मॉडेल्सचा आवाजच अचानक जायचा. कंपनीने चूक कबूल करून २०१८ च्या अखेरपर्यंत मोफत दुरुस्तीची मुदत दिली, हे तिच्या खात्यावर जमा. पण २०२२ मध्ये ऑन्कियो होम एंटरटेनमेंट दिवाळखोरीत गेली. डेनॉन-मरांट्झची मालकी तरी स्थिर आहे का? २०२२ मध्ये त्यांची मूळ कंपनी घेतली मासिमोने, जी दवाखान्यात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर बनवते. २०२५ मध्ये ती सॅमसंगच्या हार्मनकडे गेली. ॲम्प तोच, मालक तिसरा. अशा वेळी सुटा भाग दहा वर्षं मिळेल हा शब्द नक्की कोणाकडून घ्यायचा?

'मग सेपरेट्स घ्या', असं जाणकार मंडळी मिशीला पीळ देत सांगतात. प्रोसेसर वेगळा, पॉवर ॲम्प वेगळा. विचार बरोबर आहे, हमाल तरी वाचतो. पण त्या प्रोसेसरची किंमत अनेकदा अख्ख्या रिसीव्हरएवढी किंवा जास्त असते, आणि म्हातारा होणारा पोस्टमन त्याच्याही पोटात बसलेला असतोच. आजार तसाच, फक्त खोली बदलली.

आणि 'तांत्रिकदृष्ट्या शक्यच नाही' हे कोणी सांगत असेल तर अजिबात ऐकू नका. एनएडीने २००६ पासून मागच्या बाजूला काढता-घालता येणाऱ्या कार्डांची रचना ठेवली. त्यांच्या टी७५८ ला नंतर नवं कार्ड घालून ४के आणि ॲटमॉस मिळवता आलं. खुद्द डेनॉनने २०१८ च्या एक्स८५००एच या तेरा चॅनलच्या धुडाला २०२१ मध्ये नवा एचडीएमआय बोर्ड दिला, अमेरिकेत सुमारे ६०० डॉलर घेऊन. महाग आहे, पण नव्या डब्याच्या मानाने काहीच नाही. म्हणजे करता येतं. फक्त सगळ्यात महागड्या गिऱ्हाइकासाठी येतं, बाकीच्यांसाठी नवं मॉडेल.

स्टँडर्डवाले तरी मदत करतात का? कसलं काय! २०२१ च्या डिसेंबरमध्ये उघड झालं की एचडीएमआयवाल्यांच्या लेखी २.० हे लेबलच आता उरलेलं नाही, सगळं २.१, आणि २.१ मधल्या बहुतेक नव्या गोष्टी ऐच्छिक. म्हणजे ४के १२० न घेणाऱ्या डब्यावरही २.१ लिहायला मुभा. खोक्यावरचा आकडा वाचून घेणाऱ्याने जायचं कुठे?

यात भर म्हणून सॉफ्टवेअरचे परवाने. ऑडिसीचा मल्टईक्यू-एक्स हा विंडोजचा प्रोग्राम २०२१ मध्ये आला, दोनशे डॉलर, आणि परवाना एका रिसीव्हरला बांधलेला. बोर्ड गेला की डब्यासकट परवानाही गेला. मी स्वतः सॉफ्टवेअर विकून जेवतो, तरी हे मला पटत नाही.

तेव्हा डेमो रूममध्ये तो हेलिकॉप्टरचा सीन संपला, छातीत धडधड झाली, कार्ड काढायला हात खिशाकडे गेला की सेल्समनला एवढंच विचारा: एकूण किती इनपुट ४० गिगाबिटची आहेत, वॉरंटी संपल्यावर एचडीएमआय बोर्ड एकटा मिळतो का, आणि आज तो बसवून घ्यायचा तर किती रुपये? पहिल्याचं उत्तर ब्रोशरमध्ये बारीक अक्षरात सापडेल. दुसऱ्याला तो मॅनेजरला बोलावतो. तिसऱ्याचं उत्तर लेखी मागा.