सळईची पकड आणि टनावरची मजुरी

काँक्रीट दाब सोसते. ताण सोसण्याची त्याची शक्ती मात्र दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच असते. म्हणून त्यात पोलादी सळई घालतात. परंतु सळई आत असणे आणि सळईने काम करणे या भिन्न गोष्टी होत. तुळईवर भार आला की तळाशी निर्माण होणारा ताण काँक्रीटकडून सळईकडे पोचावा लागतो, आणि तो पोचवते केवळ दोहोंमधील पकड. ती नसेल, तर सळई आतल्या आत सरकते आणि तुळई साध्या काँक्रीटसारखी तडकते.

ही पकड तीन प्रकारे लाभते. सिमेंट पोलादाला चिकटते. पण सळई किंचित सरकताच हे बंधन तुटते. मग घर्षण उपयोगी पडते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सळईच्या अंगावरील उठाव काँक्रीटमध्ये रुतून बसतात. आय.एस. ४५६ ही भारतीय मानक संहिता अशा सळईची पकड गुळगुळीत सळईपेक्षा ६० टक्के अधिक धरते. उष्णतेने दोन्ही पदार्थ जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, हीही मोठीच अनुकूलता. मग पकड बिघडते कोठे? बहुधा बांधकामाच्या जागी.

साच्याला लावायचे तेल घाईत सळईवर सांडते. काँक्रीट नीट दडपले नाही, तर सळईखाली पोकळी राहते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस पाणी मारावे, असे संहिता सांगते. प्रत्यक्षात ते दोन-तीन दिवसांतच थांबते. सागरी हवेला उघड्या काँक्रीटमध्ये सळईवर ४५ मिलिमीटर आवरण हवे. पण आवरणाचे ठोकळे बसवलेच नाहीत, तर सळई साच्याला टेकते. काँक्रीटच्या अल्कधर्मामुळे सळईला मिळणारे संरक्षण अशा ठिकाणी खारी हवा लवकर भेदते. गंज मूळ पोलादाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, आवरण फोडतो आणि पकड संपते.

या सर्व चुकांच्या मुळाशी अज्ञान आहे, असे सांगण्याची प्रथा आहे. मजूर अकुशल, म्हणून काम निकृष्ट! वस्तुतः सळई बांधणाऱ्या फिटरला मजुरी बहुधा टनावर मिळते. ठोकळे बसवण्यात आणि सळई पुसण्यात गेलेला वेळ त्याच्या पोटातून जातो. पाणी मारणाऱ्या मजूर स्त्रीची रोजी कंत्राटदाराला निव्वळ खर्च वाटते. गिलावा झाला की हे सारे झाकले जाते. घर घेणारा फरशी आणि रंग पाहतो. सळई त्याला दिसत नाही. जो गुण गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्याला बाजार दाम देत नाही. नफा आज पदरात पडतो, गंज मात्र वीस वर्षांनी रहिवाशांच्या वाट्याला येतो.

खाजगी बिल्डरच तेवढा दोषी, असेही नाही. गोव्यातील मांडवी नदीवरचा पूल सरकारी होता. काँक्रीटमधील ताणलेल्या पोलादी तारा गंजून तो जुलै १९८६ मध्ये, दोन दशकांच्या आतच, कोसळला. सार्वजनिक मालकी आवश्यक असेल, पण सार्वजनिक देखरेखीवाचून ती पुरेशी नाही.

आजची देखरेख मात्र उशिरा जागी होते. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची तपासणी मालक वा रहिवाशांनी करून घ्यावी, असा नियम आहे. तो योग्यच, पण तोवर बांधणारा हिशेब मिटवून गेलेला असतो आणि दुरुस्तीचे ओझे गिरणी कामगाराच्या वा कारकुनाच्या कुटुंबावर पडते.

म्हणून कार्यकर्त्यांनी मागणी करावयाची ती स्लॅब भरण्यापूर्वीच्या तपासणीची. सळई, आवरण आणि साचा पालिकेच्या अभियंत्याने भावी रहिवाशांच्या प्रतिनिधीसमक्ष पाहावा. ती नोंद कोणालाही पाहता यावी. निविदेत पाणी मारण्याची मजुरी स्वतंत्रपणे दाखवावी. फिटरला टनाऐवजी दिवसाचा दाम मिळावा. यात कोणतेही नवे तंत्रज्ञान नाही. संहितेत जे लिहिले आहे, ते करण्यास लागणाऱ्या वेळेची मजुरी देणे, एवढेच यात आहे. ती वाचवणाऱ्या घरात सळई असूनही आधार नसतो.