परत फिरण्याची किंमत

श्रावणात सहस्रकुंडाकडे पाहणाऱ्यांची रीघ लागते. यवतमाळ आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगा काळ्या कातळावरून अनेक धारांनी खाली झेपावते. पाणी भरभरून असले म्हणजे काठावरच्या माणसाला शेजाऱ्याचे बोलणेही ऐकू येत नाही. माणसे डोळे भरून ते दृश्य पाहतात आणि घरी परततात. असल्या पाण्याकडे पाहून त्यात उतरण्याचा विचार करणारी माणसेही जगात आहेत, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाच्या गावी नाही. त्या माणसांचा खेळ आणि आपल्या जिल्ह्यातील नाल्यांचे पूर यांचा काही संबंध असेल, हे तर सहसा कुणाला सुचणारही नाही. हा संबंध अगदी जवळचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या खेळाचे साधन म्हणजे कयाक. उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ प्रदेशात इन्यूट लोकांनी शिकारीसाठी घडविलेली ही एका माणसाची, वरून बंद आणि अरुंद नाव. आज ती प्लॅस्टिकची असते आणि तिच्यात बसून लोक डोंगरी ओढ्यांचा उतार उतरतात. नदी मोठी असणे हे या खेळाचे आव्हान नव्हे. ओढा अरुंद, उतार तीव्र, वाटेत शिळा आणि एकामागून एक कोसळणारी पाण्याची पायरी, हे त्याचे खरे आव्हान. खवळलेल्या पाण्याच्या काठिण्याच्या सहा श्रेणी जगभर मानल्या जातात. पाचवी श्रेणी केवळ निष्णातांसाठी आणि सहावी म्हणजे जिवाशी गाठ. केरळात कोझिकोड जिल्ह्यातील कोडेंचेरीच्या परिसरात चालिप्पुळा आणि इरुवंजिप्पुळा या सह्याद्रीतील नद्यांवर २०१३ पासून ऐन पावसाळ्यात अशा नावांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरू लागल्या. महाराष्ट्रात याचा सौम्य अवतार कोलाडजवळ कुंडलिका नदीवर पाहावयास मिळतो. तेथे मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सुटते आणि त्या पाण्यावर रबरी तराफे चालतात. ज्या धरणासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि ज्याविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, त्याच धरणाचे पाणी आज शहरी पर्यटकाची करमणूक करते, हा इतिहासाचा एक विलक्षण हिशेब होय.

यावर वाचक विचारतील की, कापूस आणि सोयाबीनच्या भावाने गांजलेल्या, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशाला माहीत झालेल्या जिल्ह्यात या श्रीमंती खेळाची चर्चा कशाला? प्रश्न रास्त आहे. सहस्रकुंडावर नावा घालाव्यात असे मला मुळीच सुचवायचे नाही. परंतु या खेळाडूंनी शतकभरात पाण्याविषयी जी विद्या मिळविली, ती श्रीमंती नाही. तिची गरज कुणाला असेल, तर ती आम्हालाच आहे.

ही विद्या थोडक्यात सांगता येते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते. दोन फूट खोलीचे वेगवान पाणी बहुतेक मोटारी उचलून नेऊ शकते. मोटार जड असते हे खरे, पण पाणी तिला आधी तरंगवते आणि मग ढकलते. वाहून जाणाऱ्याने वेगवान पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण दगडांच्या फटीत पाय अडकला की पाणी त्याला वाकवून बुडविते. पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे करून वाहावे आणि खडकाच्या आडोशाच्या संथ पाण्याकडे सरकावे. पुरात आडव्या पडलेल्या झाडाचा आधार घ्यावासा वाटतो, पण फांद्यांतून पाणी जाते, माणूस जात नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे खेळाडू नैसर्गिक धबधब्यापेक्षा माणसाने बांधलेल्या सरळ बंधाऱ्याला अधिक भितात. धबधब्याखाली खडक वेडेवाकडे असतात, म्हणून कुठेतरी बाहेर पडण्यास वाट सापडते. बंधाऱ्यावरून एकसारख्या पडणाऱ्या पाण्याखाली मात्र काठापासून काठापर्यंत पाणी उलटे फिरते आणि सापडलेल्याला पुन:पुन्हा भिंतीकडे ओढते. वरून ते पाणी निरुपद्रवी दिसते. आपल्या नदीनाल्यांवर गावोगावी बंधारे आहेत आणि पहिल्या पुरात मुले पोहायला नेमकी तेथेच जातात.

या सर्व विद्येच्या मुळाशी एकच शिस्त आहे. ओढ्यात उतरण्यापूर्वी खेळाडू काठाने चालत जाऊन पुढची पायरी डोळ्यांनी पाहतो. न पाहिलेल्या पाण्यात जात नाही. एकटा जात नाही. खाली दोर घेऊन सोबती उभा असल्याशिवाय अवघड जागी नाव घालत नाही. आणि मन कचरले तर नाव खांद्यावर घेऊन काठाने पुढे जातो. असे करणाऱ्याला कुणी भित्रा म्हणत नाही. उलट निष्णात माणसाची ती खूण समजली जाते. पाहिल्यानंतर परत फिरता येणे, हे या साहसाचे मर्म आहे.

आता आपल्याकडे वळू. २८ सप्टेंबर २०२१ रोजी, 'गुलाब' चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या पावसात, उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावरील पुरातून जाणारी एस.टी. बस वाहून गेली आणि प्रवाशांनी भरवशाने ज्या वाहनात पाय ठेवला त्यातच काहींचा अंत झाला. २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पुराने वेढा दिला. पंचेचाळीस लोक अडकल्याचे वृत्त आले आणि वायुदलाच्या हेलिकॉप्टरांना पाचारण करावे लागले. या दोन्ही घटनांत अक्राळविक्राळ नदी नव्हती. एरवी गुरे ज्यातून सहज पार होतात, असे ओढेनाले होते. खाली कातळ, वर पाणी फुगून धरणारी काळी माती, आणि चार महिन्यांच्या पावसातील मोठा वाटा मोजक्या दिवसांत कोसळणारा. असा नाला दोन तासांत चढतो आणि रात्रीतून ओसरतो. म्हणूनच त्याचा धाक राहत नाही.

प्रत्येक अपघातानंतर ठरलेली प्रतिक्रिया उमटते: लोक बेपर्वा आहेत, चालकाने धाडस करावयास नको होते, पोरांना अक्कल नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे निदान पटू नये. माणूस निर्णय घेतो तो धोक्याचा एकट्याचा विचार करून नव्हे. थांबल्याने काय गमवावे लागेल, याचाही तो हिशेब करतो. यालाच आम्ही वर्गात वैकल्पिक खर्च म्हणतो. कयाकवाला परत फिरला तर त्याचे काय जाते? एक दुपार. निंदणाला निघालेली बाई रपट्यावरून परत फिरली, तर तिची त्या दिवसाची मजुरी जाते. कारकुनाची रजा जाते आणि साहेबाची बोलणी खावी लागतात. चालकामागे वेळापत्रक असते आणि पाठीमागे बसलेल्या चाळीस जणांची घाईही असते. यांच्या धैर्यात किंवा अकलेत फरक नाही. फरक आहे तो परत फिरण्याच्या किमतीत. श्रीमंताच्या खेळात ही किंमत शून्य आहे आणि गरिबाच्या रोजच्या वाटेवर ती त्याच्या ऐपतीबाहेरची आहे.

हे लिहिताना मला स्वतःला दोषमुक्त करता येत नाही. काही वर्षांपूर्वी भर पावसात, चाचणी परीक्षेच्या दिवशी, खेड्यावरचे दोन विद्यार्थी मांडीपर्यंत भिजलेले वर्गात आले. वाटेतला नाला हात धरून ओलांडला, असे त्यांनी सांगितले. मी भर वर्गात त्यांची पाठ थोपटली, आणि त्याच नाल्यापलीकडे थांबलेल्या तिसऱ्याच्या नावापुढे गैरहजेरी मांडली. त्या दिवशी मी वर्गाला कोणता धडा दिला, हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर लागला. परत फिरणारा तिसरा मुलगाच त्या तिघांत शहाणा होता, आणि दंड मी त्यालाच केला.

तेव्हा उपाय उपदेशात नाही, व्यवस्थेत आहे. पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. तहसीलदारांनी नाल्याला पूर असल्याचे जाहीर केलेल्या दिवशी पलीकडे अडकलेला विद्यार्थी, शिक्षक वा कारकून हजर समजावा, चाचणी पुन्हा घ्यावी. सार्वजनिक कामावरील मजुराची त्या दिवसाची मजुरी बुडू नये. पाणी पाहून थांबलेल्या चालकाला कुणी जाब विचारू नये आणि तसा लेखी आदेश त्याच्या हाती असावा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण निर्माण केलेच आहे. हे काम त्याचे आहे. दुसरा उपाय थोड्या खर्चाचा: प्रत्येक रपट्यावर उंची दाखविणारा खांब, त्यावर लाल रेघ आणि दोन्ही बाजूंना अडसर, आणि प्रत्येक बंधाऱ्यावर तेथील उलट्या पाण्याची पाटी.

तिसरा उपाय या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दल नागपूरला आहे. तेथून उमरखेड-महागावकडे यायला कोरड्या रस्त्यानेही काही तास लागतात, आणि वाहत्या पाण्यात माणसाचा फैसला काही मिनिटांत होतो. म्हणजे वाचवणारा गावातलाच हवा. आपल्या जलाशयांवर मासेमारी करणाऱ्या भोई समाजातील तरुणांपाशी पाण्याची पिढीजात समज आहे. वेगवान पाण्यातील बचावाचे शास्त्रशुद्ध शिक्षण, जीवरक्षक जाकीट, शिरस्त्राण आणि फेकावयाचा दोर त्यांना मिळाला, तर प्रत्येक तालुक्यात एक पथक उभे राहू शकेल. स्वयंसेवकांना शिकविण्याची केंद्र शासनाची 'आपदा मित्र' योजना आहेच. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि त्यात सुरक्षिततेच्या अटी घातल्या, हे योग्यच झाले. पण कोलाडच्या पाण्यावर पर्यटकाला जाकिटाशिवाय नावेत बसू न देणारे शासन, शाळेसाठी रपटा ओलांडणाऱ्या मुलीच्या वाट्याला साधा दोरही ठेवीत नसेल, तर त्या धोरणाला अपुरे म्हणावे लागेल.

पूल बांधावेतच, त्याला पर्याय नाही. पण सगळे पूल होईपर्यंत अनेक पावसाळे जातील, आणि नाला कुणाच्या अंदाजपत्रकाची वाट पाहत नाही. तोवर निदान एवढे करू: पाणी पाहून परत फिरलेल्या माणसाला आपण दंड करणार नाही. या पावसाळ्यात माझ्या वर्गापुरता तरी मी तो नियम केला आहे.