पैठणास जाणाऱ्या घरांसाठीं

सुट्या लागल्या कीं घरोघर यात्रेचे बेत होऊं लागतात. आजोबांस गोदास्नान हवें असतें, मुलांस धरण पाहावयाचें असतें आणि स्त्रियांच्या मनांत एखादी पैठणी घोळत असते. या तिन्ही इच्छा एकाच गांवीं पुऱ्या होतात, म्हणून पैठणचा बेत ठरतो. छत्रपति संभाजीनगराच्या दक्षिणेस सुमारें ५० किलोमीटरांवर हें गांव. सकाळीं निघून दिवेलागणीस परत येतां येतें. परंतु स्नान, दर्शन व खरेदी आटोपून, पैठण न पाहतांच परतणारीं कुटुंबेंही पुष्कळ. हे चार शब्द त्यांच्यासाठीं आहेत.

गोदेच्या उत्तर तीरावरील हें प्राचीन प्रतिष्ठान सातवाहनांची राजधानी होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासग्रंथांत, भडोचहून दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याचें लिहिलें आहे. पुढें राजवैभव लोपलें. विद्येचें वैभव मात्र राहिलें. परंपरा सांगते कीं, निवृत्ति, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई हीं संन्याशाचीं मुलें शुद्धिपत्रासाठीं आळंदीहून येथील शास्त्र्यांकडेच आलीं. रेड्याच्या मुखीं वेद वदविल्याची कथा आपल्या घरांतील प्रत्येक मुलास ठाऊक असते. तो प्रसंग जेथें घडला असें मानतात, तो नागघाट येथेंच आहे. सोळाव्या शतकांत येथील रामेश्वरभट्ट काशीस जाऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनीं प्रयाग, काशी व गया या तीर्थांवर 'त्रिस्थलीसेतु' हा ग्रंथ रचिला, आणि त्याच कुळांतील गागाभट्टांनीं १६७४ सालीं श्रीशिवछत्रपतींचा राज्याभिषेक केला.

अशा या पंडितांच्या गांवीं आज फाल्गुन वद्य षष्ठीस जो जनसमुदाय लोटतो, तो धर्मनिर्णय विचारावयास येत नाहीं. तो एकनाथमहाराजांच्या समाधीपुढें मस्तक ठेवावयास येतो. नाथांनीं १५९९ सालीं याच तिथीस गोदेंत देह ठेविला. नाथ अविद्वान् होते असें नव्हे. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची टीका १५७३ सालीं काशींत पुरी झाली, आणि १५८४ सालीं त्यांनीं ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. विद्या दोहोंकडेही होती. मग लोकांनीं नाथांनाच कां जवळ केलें, हा प्रश्न पैठणास जाणाऱ्या प्रत्येक सुशिक्षित घरानें स्वतःस विचारावा.

त्याचें उत्तर नाथांच्या वाड्यांत मिळतें. श्रीखंड्यानें पाणी भरलेला रांजण तेथें सर्वजण पाहतात. पण मुलांस हरिपंडितांची कथाही तेथेंच सांगावी. हरिपंडित हे नाथांचे चिरंजीव, संस्कृतांत निष्णात. वडिलांनीं प्राकृतांत पुराण सांगावें व वाटेल त्याच्या घरीं जेवावें, हें त्यांस रुचेना. ते रुसून काशीस जाऊन राहिले. त्यांस आणावयास नाथ स्वतः काशीस गेले. प्राकृत पुराण बंद आणि परान्न वर्ज्य, अशा मुलाच्या दोन अटी होत्या. नाथांनीं दोन्ही मान्य केल्या व त्यांस घरीं आणिलें. पुढें हरिपंडित संस्कृतांत पुराण सांगूं लागले, आणि श्रोते ओसरूं लागले. त्याच सुमारास एका गरीब वृद्धेनें सहस्रभोजनाचा आपला राहून गेलेला संकल्प नाथांपुढें मांडिला. एकास जेवूं घातल्यानें तो पुरा होईल असें सांगून नाथ तिच्याकडे जेवावयास गेले. परान्नाची अट मोडूं नये म्हणून स्वयंपाक हरिपंडितांनींच केला. भोजनोत्तर ते वडिलांची पत्रावळ उचलावयास गेले, तों खालीं दुसरी, तिच्याखालीं तिसरी, अशा सहस्र पत्रावळी निघाल्या, असें सांप्रदायिक सांगतात. हरिपंडितांनीं वडिलांचे पाय धरिले व दोन्ही अटी परत घेतल्या.

चमत्कार कोणी मानो अथवा न मानो. आज्ञा करण्याचा अधिकार असतां नाथांनीं ती केली नाहीं, शिकलेल्या मुलाचा पाणउताराही केला नाहीं, हें त्यांत पाहण्यासारखें आहे. त्यांनीं त्याला एका गरीब घराच्या चुलीपर्यंत नेलें. पुढचें त्याचें त्यासच उमगलें. तेव्हां परान्न वर्ज्य करणारा मुलगा होता. आज आपल्या घरांत तो मान बहुधा आजोबांकडे असतो, एवढाच फरक. नातवाचा मित्र स्वयंपाकघरांत आला कीं ज्या वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडते, त्यांनीं हरिपंडितांची कथा मुलांस सांगतांना स्वतःही ऐकावी.

वाड्यांतून नदीवर जावें. ज्यांस गांव शिवत नसे अशा घरचें, तापलेल्या वाळूंत रडणारें मूल नाथांनीं कडेवर घेतलें, ती कथा याच पात्रांतली. गांवाच्या वरच्या अंगास जायकवाडीचें २७ दरवाजांचें धरण आहे. त्याची पायाभरणी १९६५ सालीं लालबहादुर शास्त्री यांनीं केली व १९७६ सालीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें उद्घाटन झालें. त्या जलाशयास लोकांनीं नाथसागर हेंच नांव दिलें. धरणांतून पाणी सोडणार असल्याची सूचना असेल, तर घाटाच्या पायऱ्या उतरूं नयेत, मुलांस तर मुळींच उतरूं देऊं नये.

शेवटीं एक सूचना करितों. जेवणाच्या वेळीं मोटार हांकणाऱ्याच्या हातीं पैसे देऊन, कोठें तरी खाऊन ये, असें सांगण्याची चाल आपल्या पुष्कळ घरांत आहे. पैठणास तरी त्याचें पान आपल्याच पंगतींत मांडावें. मुलांनीं कारण विचारिलें तर सांगावें; न विचारिलें तर त्यांनीं तें पाहिलें, एवढें पुरे आहे. आणि घरीं परतल्यावर, मोलकरणीची म्हणून निराळी ठेविलेली कपबशी फळीवरच्या इतर कपबशांत मिसळली, तर यात्रा घडली असें समजावें.